बर्फाचा कप्पा

श्रीरामपूर, ११ नोव्हेंबर २०२४

चि. मार्क,

मस्कतला धुकं पडतं का रे? इथं दोन-तीन दिवस पडतंय. त्यात कारखान्याच्या मळीचा वास मिसळला की मला माझा वजनकाटा आठवतो. उसाच्या बैलगाड्यांची रांग, गाडीवानांच्या डोक्यावर गोणपाटाच्या खोळी, आणि मी खिडकीत बसून वजनं उतरवता उतरवता शाळेतल्या कविता म्हणतोय. आमचे आसाराम गुरुजी टेबलावर डस्टर आपटून ताल धरायचे. खडूची धूळ उडायची आणि त्या धुळीत कविता चालीवर चढायची. अर्थ पुष्कळदा कळायचा नाही, पण चाल हाडात बसली ती बसलीच. गाडीवान म्हणायचे, "प्रभुदासभाऊ, आधी वजन सांगा, मग गाणं."

असो. तू म्हणशील, म्हातारा मुद्द्यावर येईना.

तुझी जास्मिन बरी आहे. सातवा महिना चालू आहे. मागच्या खोलीत असते, तिथं तिला निवांत वाटतं. उजेडही चांगला येतो. खाणंपिणं नीट चाललंय.

तिच्या रक्ताचा रिपोर्ट तुझ्या आईनं, रेबेकानं, तुला पाठवला, हे मला कळलं. त्यावर तू लिहिलेलं उत्तरही तिनं मला वाचून दाखवलं. व्हिसाच्या मेडिकलला तुझी हीच तपासणी निगेटिव्ह आली होती, मग हिला हिपॅटायटिस बी कुठून झाला, असं तू विचारलं होतंस. कुणी तिला विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तुझा तिला फोन नाही, म्हणजे विचारल्यासारखंच झालं.

डॉक्टरीणबाईंकडे मी तिच्याबरोबर गेलो होतो. मला कळलं तेवढं सांगतो. ही लिव्हरची लागण आहे. जास्मिनच्या अंगात ती बरीच वर्षं असावी, आणि तिला त्याचा आज काही त्रास नाही. धोका आहे तो बाळाला, आणि तोही मुख्यतः जन्माच्या वेळी, आईच्या रक्तातून. मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेक वेळा शरीर तिला हुसकून लावतं. तान्ह्या बाळाला झाली तर ती बहुधा जन्माची सोबतीण होते आणि पुढं कधीतरी लिव्हर खाते. पण हे अडवता येतं. जास्मिननं रोज एक गोळी घ्यायची, म्हणजे रक्तातला विषाणू कमी होतो. बाळंतपण दवाखान्यातच करायचं. आणि बाळ जन्मलं की त्याला दोन सुया, एका मांडीत लस आणि दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिन नावाचं तयार प्रतिकारशक्तीचं इंजेक्शन. बारा तासांच्या आत. त्या म्हणाल्या, "आजोबा, लवकर झालं तर उत्तम, पण बारा तास ओलांडायचे नाहीत." एका ताटात जेवल्यानं, एका पेल्यानं पाणी प्यायल्यानं हे होत नाही, असंही सांगितलं.

मला वाटलं, किती सोपा धडा आहे. घरी येऊन सगळ्यांनी पाठ करावा.

मी हे कागदावर लिहून त्याचा फोटो तुला पाठवतोय. मोबाईलवर टाइप करायला लागलो की माझी जोडाक्षरं मोडतात. तू वाचलंस की खालच्या दोन खुणा निळ्या होतात, हे तूच मला शिकवलंस.

आशीर्वाद.
आजोबा


१ डिसेंबर २०२४, रविवार

चि. मार्क,

खुणा निळ्या झाल्या. उत्तर नाही आलं.

मागल्या पत्रात मी लिहिलं की मागच्या खोलीत उजेड येतो. येत नाही. आपण तिथं ज्वारीची पोती ठेवायचो, तुला आठवत असेल. खिडकी बोळात उघडते आणि बोळात पलीकडच्यांची भिंत आहे. खाणंपिणं नीट आहे असंही लिहिलं. जेवण वेळेवर मिळतं, हे खरं. पण तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, घासणीसुद्धा वेगळी. स्वयंपाकघराचा उंबरा ती ओलांडत नाही. फ्रिजला हात लावत नाही. पाणी हवं असलं की बाहेरून सांगते, आणि रेबेका वरून ओतते.

तुझी आई वाईट नाही. तुझा बाप, जोसेफ, गेला तेव्हा तू शाळेत होतास. तुला त्याचे पिवळे डोळे आठवत असतील. तिला आठवतं ते त्याचं फुगलेलं पोट, आणि ते ओल्या फडक्यानं पुसणारे तिचे स्वतःचे हात. माझ्या पोरानं दारूचा थेंब घेतला नव्हता, तरी लोक दारूच म्हणाले. कशानं गेला ते कुणी तपासलं नाही. तेव्हापासून लिव्हर हा शब्द कानावर आला की ती उठून हात धुते. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांचं रक्त तपासलं. दोघंही निगेटिव्ह. लसही टोचली. तरी घासणी वेगळीच.

मी म्हणालो, "अगं, ताट वेगळं करायचं कारण नाही म्हणाल्यात त्या."

"ह्यांनाही डॉक्टर म्हणत होते, मामा, पंधरा दिवसांत हिंडायला लागाल."

गुडघ्यानं मला उंबऱ्याबाहेर फारसं सोडलेलं नाही, आणि तिच्या हातची भाकरी खातो. तिच्याविरुद्ध बोलायला गेलो की माझा आवाज आपोआप निम्मा होतो.

आज चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. आपल्या मंडळीत अजून द्राक्षरसाचा एकच पेला सगळ्यांत फिरतो. सकाळी रेबेका जास्मिनला म्हणाली, "तू या खेपेला घरीच थांब."

"कुणाला काही ठाऊक नाही, मम्मी."

"म्हणूनच थांब."

मीही गेलो नाही. गुडघा दुखतो म्हणालो. दुखत नव्हता.

रेबेका गेल्यावर मी पुढच्या खोलीतून एक कविता सुरू केली आणि मागून जास्मिननं तिची दुसरी म्हटली. आमचा हा खेळ झालाय. मी माझ्या पाचवीतली म्हणतो, ती तिच्या पाचवीतली. तिच्या पुस्तकातल्या कवितांना चालच नाही. मी म्हणतो, "ही कसली कविता, ही तर सूचना झाली." ती म्हणते, "आजोबा, तुमच्या कवितेत नुसती पाखरंच आहेत, माणूस एकही नाही." मधे बोळकांडी आहे, रेबेकाचं कपाट आहे. आवाज तेवढा पलीकडे जातो. त्याला अजून कुणी वेगळं ताट दिलेलं नाही.

तू तिला फोन कर, एवढंच सांगायचं होतं. मधे भलतंच लांबलं.

आजोबा


२६ डिसेंबर २०२४

चि. मार्क,

नाताळ झाला. चांदणी लावली, करंज्या केल्या. तुझा व्हिडिओ कॉल आला तेव्हा जास्मिन मागच्या खोलीच्या दारात उभी होती. तू "सगळे बरे ना?" म्हणालास. ती सगळ्यांत होती की नव्हती, ते तिला कळलं नाही, मलाही नाही.

तू विचारलं होतंस ना, कुठून झालं? आता ऐक.

जास्मिनची आई, बनुबाई, तिला न्यायला आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आपल्यातही तसंच आहे. रेबेकानं पिशवी आधीच भरून ठेवली होती. मला वाटतं, तिला रीत पाळायची होती त्याहून घर मोकळं करायचं होतं. पण बनुबाईची वस्ती पारनेरच्या पलीकडं, माळावर. एसटी दिवसातून दोनदा. रात्री-बेरात्री कळा आल्या तर घरातच मोकळं व्हायचं, दुसरा इलाज नाही. आणि ते इंजेक्शन तिथं कुठून येणार?

दोघी मायलेकींना घेऊन मी रिक्षानं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सरळ सांगितलं, बाळंतपण इथंच. मग बनुबाईला म्हणाल्या, "तुमचंही रक्त बघू या."

"माझं कशापायी? मला काय न्हाई झालं. मी अजून डोक्यावरून पानी आणती."

रिपोर्ट आला. तोच. बनुबाईच्या अंगात ते किती वर्षांपासून आहे कोण जाणे. तिला स्वतःला आजवर ठाऊक नव्हतं. जास्मिन घरातच जन्मली, शेजारणीच्या हातांवर. त्या वेळी ना तपासणी, ना लस. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक तेव्हाच पोरीला लागण झाली असावी, पहिल्या दिवशीच.

बनुबाईनं तो कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "म्हंजी म्याच दिलं व्हय तिला?"

जास्मिन म्हणाली, "आई, तू काय जाणूनबुजून दिलंस का? चल, ऊठ. चहा घेऊ."

आणि बाहेरच्या गाड्यावर दोघींनी एकाच कपातून चहा घेतला. आधी एक, मग दुसरी. मी बघत होतो. त्या क्षणी मार्क, माझ्या डोक्यात एकही कविता आली नाही.

हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुझ्या बायकोनं काही केलेलं नाही. ती जन्मली, एवढंच.

परतताना मी जास्मिनला विचारलं, "तुला जायचं होतं ना आईकडं?"

ती म्हणाली, "तिथं गेले तर आई मिळेल. इथं राहिले तर इंजेक्शन मिळेल. मी इथं राहते."

बनुबाई एकटीच परत गेली. रेबेकानं भरलेली पिशवी पुन्हा मागच्या खोलीत ठेवली. उघडली नाही; तशीच भिंतीला टेकवून ठेवलीय.

आजोबा


१२ जानेवारी २०२५

चि. मार्क,

आज थोडंच लिहितो. इम्युनोग्लोब्युलिन दवाखान्यात कधी असतं, कधी नसतं, म्हणून आणून ठेवा म्हणाल्या होत्या. मेडिकलवाल्यानं नगरहून मागवून दिलं. अंगठ्याएवढी बाटली. बर्फाच्या डब्यात घालून त्यानं माझ्या मांडीवर ठेवली आणि बजावलं, "फ्रिजच्या दारात ठेवा, आजोबा. बर्फात नको." मी ती दारातल्या कप्प्यात, दुधाच्या पिशवीशेजारी ठेवली. रेबेका बघत होती. तिनं ठेवू दिलं याचंच मला इतकं बरं वाटलं, की आणखी काही सांगावं हे सुचलंच नाही.

नववा लागलाय. पाय सुजतात. बोळात हळूहळू फेऱ्या मारते.

तुझी सुट्टी कधी, ते कळव.

आजोबा


२१ जानेवारी २०२५

चि. मार्क,

तुला मुलगी झाली. रविवारी सकाळी, चर्चची घंटा होऊन गेल्यावर. आई आणि बाळ दोघी ठीक आहेत. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं वाचताना तू घाबरणार नाहीस. आम्ही घाबरलो होतो.

कळा रात्रीच सुरू झाल्या होत्या, उजाडताना वाढल्या. रिक्षा दारात आली. जास्मिन एका हातानं कंबर धरून म्हणाली, "आजोबा, बाटली." मी फ्रिज उघडला. दारात दूध, लोणी, मिरच्या. बाटली नाही.

"रेबेका, इथली बाटली?"

"वर ठेवलीय."

"वर कुठं?"

"बर्फाच्या कप्प्यात. मी तेव्हाच हलवली. जास्त थंड म्हणजे जास्त टिकेल, म्हटलं." मग खाली बघत म्हणाली, "आणि दुधाशेजारी नको वाटली मला."

तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली होती. जास्मिननंच उघडली. रिपोर्ट आल्यापासून फ्रिजमधल्या वस्तूला पहिल्यांदाच तिचा हात लागला. आतलं पांढरं गोठलेलं, आणि काचेला खालपासून वरपर्यंत तडा.

रेबेकाला काहीच समजलं नव्हतं. म्हणाली, "वितळेल की. उन्हात ठेवू का?"

मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. काय बोललो ते लिहीत नाही. आवाज मात्र निम्मा नव्हता. जास्मिन मधे पडली. "आजोबा, राहू दे. रिक्षा थांबलीय."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाटली हातात घेतली आणि बाजूला ठेवली. गोठलेलं इंजेक्शन कामाचं नसतं. लस होती, ती बाळाला जन्मल्याबरोबर टोचली. दुसरं त्यांच्याकडेही नव्हतं, आणि मेडिकलवाला रविवारचा गावाला गेलेला. नगरला फोनवर फोन झाले. एका दुकानदाराकडे होतं. कुणीतरी येऊन न्या म्हणाला. कुणीतरी म्हणजे कोण? तू मस्कतला. बनुबाई पारनेरहून वाटेत. मी काठी धरून बाकावर.

रेबेका भिंतीशी उभी होती. कुणी तिला काही सांगितलं नाही. तिनं घरून आणलेल्या थर्मासमधला चहा मोरीत ओतला, थर्मास थंड पाण्यानं विसळला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "येताना बाटली कशात आणाल?"

"ह्यात. बर्फ खाली, मधे कपडा, वर बाटली. बर्फाला टेकू देणार नाही." आता तिला सगळं ठाऊक होतं.

आतून, बाळ अंगावर घेतलेली जास्मिन म्हणाली, "मम्मी, नगरची बस आता लागलेली असेल. निघा."

मग वाट बघणं. मार्क, काट्यावर बसून मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या पुढं सरकायची वाट बघितली, पण घड्याळ असं कधी अंगावर आलं नव्हतं. दुपार झाली. बनुबाई आली, बाळाला बघितलं, हात लावला नाही. म्हणाली, "इंजिक्शन झाल्याबिगर मी घेनार न्हाई." तिला समजावलं की घेतल्यानं काही होत नाही. "ठाऊक हाय वो. तरी." बाळ दूध पीत होतं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, पाजलेलं चालतं ना? चालतं, म्हणाल्या, पाजायचंच. उन्हं उतरली. रेबेकाचा फोन लागेना. मी कविता आठवायला लागलो. प्रत्येक कविता पहिल्या ओळीपाशी अडकायची आणि पुन्हा पहिलीच ओळ यायची.

दिवे लागून बराच वेळ झाला तेव्हा ती आली. राहुरीजवळ उसाचा ट्रॅक्टर उलटून रस्ता तुंबलेला. बसमधून उतरून ट्रॉल्यांच्या कडेनं ती चालत पुढं आली होती आणि पुढून एका टेम्पोत बसली होती. साडीला चिखल. थर्मास पोटाशी, पदराखाली. नर्सनं बाटली उजेडात धरली. पाण्यासारखी स्वच्छ होती.

बाळ दुसऱ्या मांडीत सुई गेल्यावर केवढं रडलं. बारा तासांच्या आत झालं. काठावर, पण आत.

रेबेका खाली फरशीवर बसली. बनुबाईनं तिला पाणी दिलं, आणि ती प्यायली. पेला कुणाचा, ते तिनं विचारलं नाही.

तू वडील झालास. फोन कर.

आजोबा


३ मार्च २०२५

चि. मार्क,

मुलगी झाल्याच्या बातमीवर तू अंगठा पाठवला होतास. तो मी जास्मिनला दाखवला नाही. फोन चार्जिंगला लावताना तिनं स्वतःच पाहिला. बघून फोन उपडा ठेवला.

मग परवा तुझा आईला मेसेज आला. बाळाचं रक्त आत्ताच तपासा, रिपोर्ट पाठवा, मग तिकिटाचं बघतो. डॉक्टरीणबाई म्हणतात, आत्ता तपासून खात्रीनं काही कळत नाही. सहा आठवड्यांची लस काल टोचून झाली, अजून डोस आहेत, ते चुकवायचे नाहीत. मूल नऊ महिन्यांचं होऊन गेलं की मग रक्त बघायचं. औषधं वेळेवर मिळाली आहेत, तेव्हा आशा पुष्कळ आहे. पण आज कुणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. जास्मिनचंही रक्त अधूनमधून तपासावं लागेल.

रेबेकानं हे सगळं ऐकलं. ती नातीला आंघोळ घालते, पायांवर घेऊन मालिश करते, बडबडगीतं म्हणते. जास्मिन आता स्वयंपाकघरात येते. ताट एक झालं. पेला मात्र रेबेका अजून वेगळा धुते. धुताना आमच्याकडं पाठ करते. भीती एका बसच्या फेरीत संपत नाही, हे मला कळतं. जास्मिनलाही कळत होतं. पण काल तुझा मेसेज रेबेकानं तिला वाचून दाखवला, आणि जास्मिननं भिंतीला टेकवलेली पिशवी उचलली.

"मार्क येईपर्यंत तरी थांब गं," रेबेका म्हणाली.

"ते रिपोर्टसाठी थांबलेत, मम्मी. मी त्यांच्यासाठी कशाला थांबू?"

"लोक काय म्हणतील?"

"पहिलं बाळंतपण माहेरी करायचं राहिलं होतं, म्हणून सांगा."

रेबेका स्वयंपाकघरात गेली. मग तिनं खोबरं भाजलं, डिंकाचे लाडू वळले, डब्यात भरले. पुढच्या डोसांच्या तारखा स्वतः चिठ्ठीवर लिहून पिशवीच्या वरच्या खिशात घातल्या. पारनेरच्या सरकारी दवाखान्यात लस मिळते का, हे तिनंच फोन करून विचारलं.

आज सकाळी बनुबाई आली. नातीला तिनं पदरात घेतलं, घट्ट. म्हणाली, "व्याहीबुवा, येतो आमी."

जास्मिन पाया पडली. मी म्हणालो, "मार्कला काय लिहू?"

ती म्हणाली, "आजोबा, माझ्यासाठी आता लिहू नका. तुम्ही लिहिता, ते वाचतात, आणि मी इथं निळ्या खुणांकडे बघत बसते. तुमच्यासाठी लिहा हवं तर. कवितेचं लिहा."

म्हणून तिच्याबद्दलचं हे शेवटचं. रिपोर्ट आला तर तो तिच्या मुलीचा असेल. मी तो तुला पाठवणार नाही, आणि रेबेकालाही पाठवू देणार नाही. माझं इतकं ती ऐकेल, असं वाटतं.

बस गेली. रेबेका स्टँडवरून आली ती सरळ आत गेली, आणि बराच वेळ नळ चालू होता. मग बाहेर येऊन म्हणाली, "मामा, चहा ठेवू?" मी हो म्हणालो.

कवितेचं लिहावं म्हणून बसलो होतो. सुचत नाही. जास्मिनला जायला माहेर होतं, ती गेली. आम्हा दोघांना, मला आणि तुझ्या आईला, ते नाही.

आजोबा